ओळीचं वजन

आमच्या तळेजांबला पाण्यावरून भांडण झालं नाही असा एकही उन्हाळा मी पाहिलेला नाही. आणि त्या भांडणात माझ्या वडिलांवर कोणी बोट ठेवलं, असंही कधी पाहिलं नाही. नाना गावच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला होता: घरच्यांचं शेवटी. कालव्याचं आवर्तन सुटलं की आमच्या शेताला पाणी सगळ्यांच्या शेवटी, आणि त्याच्या जरा आधी शेवंताआत्याच्या शेताला. शेवंताआत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. तिला गावातच दिलेली होती, आणि यजमान गेल्यावर ती एकटीच रान बघत होती. शेजारच्या गावांत नानांचा दाखला देत. अध्यक्ष असावा तर असा, म्हणत.

आत्याचं मत निराळं होतं. "तुझ्या बापाच्या नावाला जे पाणी घालतात ना लोक, ते माझ्या रानातलं असतं," ती मला म्हणायची.

कालव्याचं पाणी शेतांपर्यंत आणणारी चारी पाइपात घातली तेव्हा गावाला वाटलं, आता भांडणं मिटली. प्रत्येक शेताच्या तोंडाशी मोटरची झडप बसली होती. वरचा आधी आणि खालचा मागून असा निसर्गाचा हट्ट उरला नव्हता. ज्याचं नाव आधी, त्याची झडप आधी उघडणार. नावांचा क्रम ठरवायचं पान मीच तयार करून दिलं. मी नाशिकला एका छोट्या कंपनीत काम करते, त्यामुळे गावाला माझे कष्ट फुकट.

पान सोपं होतं. प्रत्येक शेताची एक ओळ. ओळीवर बोट दाबलं की ती उचलली जाते, बोट वर नेलं की ती वर येते, बाकीच्या ओळी सरकून तिला जागा करून देतात. बोट सोडलं की ती तिथं बसते. आत संगणक फारसं काही करत नाही. सातवी ओळ तिसऱ्या जागी नेली तर तिला तीन क्रमांक देतो आणि मधल्या चौघांना एकेक पायरी खाली ढकलतो. पण पडद्यावर दिसतं कसं, ते बघा. उचललेली ओळ उठून दिसते, तिच्याखाली छानशी सावली पडते. जे चौघं खाली गेले ते इतक्या गुपचूप सरकतात की त्यांच्याकडे बघायचं कोणाला सुचत नाही.

पूर्वी संस्थेत फळा होता. एकाला वर घ्यायचं तर मधली सगळी नावं पुसून पुन्हा लिहावी लागत, आणि ती नावं असलेली माणसं मागं उभी राहून बघत असत. खडूवाल्याचा हात आपोआप जड व्हायचा. माझ्या पानाने तो त्रास काढून टाकला आणि पहिल्याच उन्हाळ्यात गावाचा क्रम रोज बदलायला लागला. जो तो येऊन म्हणायचा, "एवढं जरा वर सरकवा की." एवढं जरा म्हणजे कोणाचा तरी दीड दिवस.

त्याच सुमारास आमच्या कंपनीत घर्षण-काच तयार होत होती. अंध माणसांना नकाशा बोटानं वाचता यावा म्हणून. हिचं तत्त्व नवं नाही. काचेखाली विजेचा पातळ थर असतो, त्याच्यावर पातळ आवरण. थरातला भार भराभर बदलला की बोटाची कातडी काचेकडे ओढली जाते. पत्र्यात किंचित वीज उतरलेल्या कुलरच्या अंगावरून हात फिरवताना कधीकधी तो खरखरीत लागतो ना, तसं, पण ठरवून आणि ठरवलेल्या जागी. काच तीच, गुळगुळीत, पण बोटाला वाटतं की इथं सँडपेपर आहे, इथं चिखल आहे.

मला वाटलं, ओळींना वजन देता येईल.

शेतांत ओलावा मोजणाऱ्या सळ्या पुरलेल्या होत्याच. कोणत्या रानात किती ओल आहे, पीक कोणत्या वयाचं आहे, एक दिवस उशीर झाला तर त्याचं किती बिघडेल, हा अंदाज यंत्र बांधू शकत होतं. मी तो काचेला जोडला. ओळ हलवताना जे खाली जातात त्यांचं नुकसान एका पारड्यात, जे वर येतात त्यांचा फायदा दुसऱ्या पारड्यात. नुकसान जितकं वरचढ, तितकी काच बोटाला घट्ट धरणार. यंत्र कोणाला अडवत नव्हतं. जोर लावला तर ओळ जातच होती. फक्त बोटाला कळत होतं.

काच गावात आणली तो दिवस मला आठवतो. संस्थेचं कार्यालय म्हणजे एक खोली, दोन बाकं आणि मधोमध कॅरम. नाना आणि भास्करकाका बोरस्ते या कॅरमवर तरुणपणापासून भिडू होते. भास्करकाका पहिल्यांदा पुढं सरसावले. द्राक्षवाला माणूस, दम कमी. आपली ओळ त्यांनी पाचव्यावरून पहिल्या जागी न्यायला घेतली आणि मधेच थांबले.

"हर्षाली, हे अडकू राहिलं बघ."

"अडकत नाही काका. सुमनताईंच्या टोमॅटोवरून चाललाय तुम्ही."

खोलीत एकदम हशा पिकला. चुकून कोणाच्या पायावर पाय पडल्यासारखं काकांनी बोट उचललं. सुमनताई समोरच बसल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझं अर्धं काम तिथंच झालं.

हिवाळाभर काचेनं चांगलं काम केलं. "एवढं जरा" म्हणणाऱ्याला नाना सांगायचे, ये, तूच ओढ. बरेच जण बोट लावून परत जायचे. मी नाशिकला बसून स्वतःवर खूश होते. ते माझं आवडतं काम आहे.

मार्चमध्ये नानांचा फोन आला. "तुझी काच चिकटू राहिली गं. उन्हानं असंल."

"कुठं चिकटते?"

"सगळीकडंच." जरा थांबून म्हणाले, "राहू दे. मी करतो काहीतरी."

मी कोरड्या फडक्यानं पुसायला सांगितलं आणि विसरून गेले.

त्या महिन्यात शेवंताआत्याच्या रानात डोंगळे होते. डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी राखलेला कांदा. उंच हिरव्या नळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोळा. सकाळी सगळं रान मधमाश्यांनी घुमत असतं. दाणा भरायच्या वेळी त्याला पाणी मिळालं नाही तर गोळा दिसायला तसाच राहतो, आत मात्र पोकळ. आत्याचं वर्षभराचं सगळं त्या रानात होतं. मी शनिवारी गावी आले आणि आधी तिच्याकडेच गेले, कारण तिच्याकडे चहा चांगला मिळतो.

चहा मिळाला नाही. ती बांधावर बसली होती. नळ्या मधूनच वाकल्या होत्या. मी विचारलं, पाळी कधी?

"सगळ्यांच्या मागून. यंदा तर फारच मागून." ती उठली, एक गोळा खुडून माझ्या हातावर चुरला. भुस्सा निघाला, थोडे मऊ दाणे. "अजून जीव हाये यात. दोन दिवसांत मिळालं तर मिळालं. मी काही आता वाट बघत नाही. रान खंडानं देते आणि सिन्नरला लेकीकडं जाते. नानाला सांग, संस्थेतनं माझं नाव काढून टाक म्हणावं."

"आत्या, पाण्यासाठी एवढं?"

"पाण्यासाठी नाही गं." ती चिडलीच. "दुसऱ्या कोणाचं वाळलं तर हा दहा जणांशी बोलतो. माझं वाळलं की याच्या तोंडाला कुलूप. बहीण हाये ना मी. बहिणीचं नाव घेतलं तर लोक काय म्हणतील! इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता पुरे झालं."

मला तिची दया आली नाही, भीती वाटली. आत्या बोलते ते करते. ती सिन्नरला गेली असती तर परत आली नसती, आणि नाना तिला थांब म्हणाले नसते. दोघांना मी चांगली ओळखते.

पण एक गोष्ट मला कळेना. इतकं वाळलेलं रान शेवटी ढकलायचं तर काचेनं बोट धरून ठेवायला हवं होतं. तरी नानांनी तिला तिथं नेलं कसं? मी तशीच कार्यालयात गेले.

नाना काचेसमोर बसले होते. आवर्तन सकाळीच सुटलेलं, पहिल्या शेतात पाणी चालू. मी आत्याच्या ओळीवर बोट ठेवलं. आवर्तन सुटल्यामुळे क्रम आता बंद झाला होता, तरी ओळीची ओढ मला चाचपून बघता येत होती. बोट लोण्यावरून जावं तसं गेलं. बोट उचलून पाहिलं तर टोक पांढरं.

"नाना, हे काय लावलंय?"

"पावडर. कॅरमची." ते अगदी सहज म्हणाले. "रोज सकाळी मारतो थोडी. काच चिकटायची बंद झाली. एवढी महाग वस्तू, कोणी लक्ष द्यायला नको का?"

मला आधी हसू आलं, मग सगळा प्रकार लक्षात आला. विजेची ती ओढ फार जवळच्या अंतरावर चालते. कातडी काचेला टेकली तरच. मधे पावडरीचे कण आले की बोट त्यांच्यावर तरंगतं आणि ओढ संपते. ज्या माणसाच्या हातात सोंगटी अडकली की पावडर मारायची सवय आहे, त्याने माझी काच मुकी करून ठेवली होती, आणि ती सुद्धा मोठ्या मायेनं.

मी ओल्या फडक्यानं काच पुसली, मग कोरड्यानं. नानांचं बोट धरून आत्याच्या ओळीवर ठेवलं. "आता खाली ओढा."

त्यांनी ओढलं. बोट जागचं हलेना. त्यांनी पुन्हा ओढलं, मग हात मांडीवर ठेवून दिला. 

"सगळीकडं चिकटत नव्हती," ते म्हणाले. "हिच्याच ओळीला चिकटत होती."

"मग फोनवर तसं का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, उन्हानं."

"नाना."

"तसं वाटून घेतलं मी," ते म्हणाले. "तिला वर घेतली असती तर लोक म्हणाले असते, अध्यक्षाची बहीण. त्यापेक्षा उन्हावर ढकललेलं सोपं."

आता अडचण अशी होती की पाणी सुटलेलं होतं. भांडणं टाळायला नानांनीच एक नियम करून घेतला होता आणि मी तो पानात पक्का बसवला होता: आवर्तन सुरू झाल्यावर अध्यक्षालासुद्धा कोणाची ओळ हलवता येणार नाही. ज्याला त्याला फक्त स्वतःची ओळ हलवता येईल, आणि तीही खालीच. हा दुसरा भाग मी नुसता लिहायचा म्हणून लिहिला होता. भर उन्हाळ्यात स्वतःची ओळ खाली कोण ओढणार? तोवर तरी कोणी ओढली नव्हती.

पाणी चालू असलेलं शेत सोडून आत्याच्या वर अकरा ओळी होत्या.

"तुम्हाला मागावं लागेल," मी म्हटलं. "प्रत्येकाकडे. तिचं नाव घेऊन."

नानांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हे आता नाही म्हणणार. त्यांनी आयुष्यात घरासाठी कोणाकडे काडीसुद्धा मागितली नव्हती. लोक त्यांना मान देत होते तो याच गोष्टीसाठी, आणि साठी ओलांडलेल्या माणसाकडे दुसरं काय असतं? ते उठले, टोपी घातली, पुन्हा काढली. मग दाराशी जाऊन भास्करकाकांना हाक मारली आणि बाकीच्यांना बोलवायला सांगितलं.

रविवारी सकाळी सगळे जमले. नाना उभे राहिले. भाषणं त्यांनी खूप केली होती, पण त्या दिवशी टोपी हातातच होती.

"मी आज मागायला उभा हाये," ते म्हणाले. "माझ्या बहिणीसाठी, शेवंतासाठी. शेवंताचे डोंगळे वाळू राहिलेत. ती दर सालाला मागं राहती कारण ती माझी बहीण हाये, दुसरं कारण नाही. चूक माझी. यंदा तिला पुढं घ्यायची तर तुम्हाला मागं यावं लागतं. ज्याला जमंल त्यानं यावं. ज्याला नाही जमणार त्याच्यावर माझा राग नाही."

दोघं-तिघं दाराकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात भास्करकाका कुरकुरत उठले. थांबलेल्यांत त्यांची ओळ सगळ्यांत वर होती, त्यांची झडप दुपारी उघडायची होती.

"माझ्या बागंत ओल हाये अजून," ते म्हणाले, जसा काही कोणी त्यांच्यावर आरोपच केला होता. "दोन दिवस कुठं जात नाही." त्यांनी बोट ओळीवर दाबलं, जोर लावायच्या तयारीनं खांदा पुढं केला आणि ओढलं.

ओळ पळाली. काकांचा हात काचेच्या खालच्या कडेपर्यंत गेला आणि ते स्वतःच तोल सावरत मागं आले.

"अरे! पुन्हा पावडर मारली का कोणी?"

पावडर नव्हती. मी वाकून काच पाहिली, ती लख्ख होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या काचेत दोन युक्त्या असतात. एक बोटाला ओढून धरते. दुसरी काच इतकी बारीक थरथरवते की बोटाखाली हवेचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि बोट हवेवर चालतं. माझ्या हिशेबात खाली जाणाऱ्याच्या नुकसानीतून वर येणाऱ्यांचा फायदा वजा होत होता. आजवर हा आकडा शून्याच्या खाली कधी गेलाच नव्हता, कारण जो तो आपली ओळ वरच ओढत होता, आणि एकाचा फायदा मधल्या सगळ्यांच्या नुकसानीपुढं कमीच पडायचा. आज पहिल्यांदा तो खाली गेला, आणि काचेनं आपणहून दुसरी युक्ती काढली. हे मी ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर इतकं छान जमलं नसतं.

मी हे सांगितलं, पण ऐकतंय कोण! सुमनताई उठल्या होत्या. त्यांनी ओळ ओढली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "बोट नाही गं लागत काचेला! अधांतरी जातं!" मग रांगच लागली. भाऊबंदकी कोर्टात असलेले दोघं भाऊ एकामागून एक आले, एकमेकांकडे न बघता ओढून गेले. कोणी म्हणालं, पुन्हा एकदा ओढू का? नाना म्हणाले, गप्प बस, खेळ नाही तो. पण त्यांचेही डोळे हसत होते आणि भरलेही होते.

पोपट निकमाची पाळी आली तेव्हा मात्र काच अडली. तो जोर लावू लागला. माणूस भिडेचा, सगळ्यांनी केलं तर आपणही करायला हवं, असं त्याला वाटत होतं. नानांनी त्याचा हात धरला.

"तू नको. तुझंही वाळलंय. बोलला का नाहीस?"

"तुमचं ऐकून म्हटलं, माझं काय मोठं," तो म्हणाला.

त्याची ओळ आहे तिथंच राहिली. अकरांतल्या नऊ जणांनी ओळी खाली नेल्या. एकानं नाही नेली, त्याला जमलं नाही, आणि त्याच्यावर खरंच कोणी रागावलं नाही. आत्या तिसरी आली.

तिसरी म्हणजे सोमवारी दुपारी. नाना आणि मी तिच्या रानाकडे गेलो तेव्हा झडप नुकतीच उघडली होती. पाणी पहिल्या वाफ्यात शिरत होतं, भेगांत बुडबुडे करत. आत्या पाठमोरी होती. तिला सगळं कळलेलं होतं; गावात अशी गोष्ट चूल पेटायच्या आत घरोघर पोचते. तरी ती वळली नाही.

"शेवंते," नानांनी हाक मारली.

"काय बोललास तिथं?"

"बोललो, चूक माझी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"माझं नाव घेऊन?"

"घेतलं ना. दोनदा घेतलं."

आत्या वळली. तिनं नानांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, पांढरा पायजमा, कडक इस्त्री, पायात चामडी वहाणा. पहिला वाफा भरत आला होता. पाणी बांधावर चढू लागलं होतं; आता दार फोडून ते पुढच्या वाफ्यात वळवायला हवं होतं. तिनं हातातलं फावडं त्यांच्यापुढं केलं.

"मग उभा काय राहिलास पाहुण्यासारखा? दारं धर. मी चहा ठेवते."

नानांनी वहाणा काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवला आणि चिखलात उतरले.